नववीला हायस्कूलमध्ये जाणाऱ्या बहिणीसाठी: क्लास लावण्याआधी काय पाहायचं

तुम्ही विचारलंय ते असं: बहीण आठवीपर्यंत गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत होती, वर्गात कायम पहिली. जूनपासून ती चौदा किलोमीटरवरच्या तालुक्याच्या हायस्कूलमध्ये नववीला जाणार. सेमी-इंग्रजी घ्यावं की मराठी माध्यमच ठेवावं, क्लास आतापासून लावावा का, आणि रोज किती तास अभ्यासाला बसवावं, हे तुमचे तीन प्रश्न. घरात तुमच्याशिवाय दहावीपुढे कुणी शिकलेलं नाही, त्यामुळे सगळी जबाबदारी तुमच्यावर आली आहे.

मी तालुक्याच्या अशाच एका अनुदानित हायस्कूलमध्ये नववी-दहावीला गणित आणि विज्ञान शिकवते. आजूबाजूच्या गावांतून, वाड्या-वस्त्यांवरून आठवी करून आलेली मुलं दर जूनला आमच्या तुकड्यांत येतात. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते, पण त्याआधी एक सांगायला हवं. तुमच्या बहिणीला जी खरी अडचण येईल ती बहुतेक या तिन्हींपैकी नसेल. पाचवी ते आठवीत कुठेतरी कच्चं राहिलेलं असतं, ते नववीत एकदम वर येतं. आणि असं कच्चं पहिल्या नंबरच्या मुलांचंही असतं, फक्त त्यांच्या बाबतीत ते कुणी शोधत नाही.

असं का होतं ते सांगते. आठवीपर्यंत आपल्याकडे आकारिक (वर्षभराच्या कामावरचं) आणि संकलित (सत्राअखेरचं) मूल्यमापन असतं, निकाल श्रेणीत मिळतो. आता आठवीला वार्षिक परीक्षा आणि गरज पडल्यास पुनर्परीक्षा आली आहे, तरी मुलाला सगळीकडून सांभाळून घेतलं जातं. वर्गात दहा-बारा मुलं, गुरुजी किंवा बाई प्रत्येकाला ओळखणारे, उत्तर अडलं की पुढचा शब्द सुचवणारे. यात त्या शाळेला नावं ठेवण्याचा माझा अजिबात हेतू नाही, अशा शाळांतून आलेली मुलं वागायला, कामाला, हस्ताक्षराला अनेकदा आमच्या गावातल्या मुलांपेक्षा सरस असतात. पण नववीत एकदम दहावीच्या धर्तीवरची रचना येते. भाषांना ८० गुणांची लेखी आणि २० अंतर्गत. गणिताचे भाग १ आणि भाग २ असे ४०-४० गुणांचे दोन पेपर आणि २० अंतर्गत. विज्ञानाचंही तसंच. उत्तीर्ण व्हायला ३५. साठ मुलांच्या तुकडीत दर तासाला वेगळे शिक्षक येतात, आणि कुणालाही माहीत नसतं की ही मुलगी तिच्या गावात पहिली होती.

त्यातून गणित आणि विज्ञान हे विषय मागच्या वर्षांवर उभे असतात. आठवीत ‘बैजिक राशींचे अवयव’ झालेले नसतील तर नववीची ‘बहुपदी’ कळत नाही, आणि ती कळली नाही तर दहावीत ‘वर्गसमीकरणे’ पाठांतरावर ढकलावी लागतात. नववीचा ‘त्रिकोण’ कच्चा राहिला की दहावीत ‘समरूपता’ आणि ‘वर्तुळ’ दोन्ही अडतात. म्हणून नववीत पोरं मागे पडायला लागली की घरचे म्हणतात, ‘नववीचं गणित अवघड आहे.’ मी त्यांची वही पाहते तेव्हा चूक बहुतेक वेळा सहावी-सातवीची निघते.

तेव्हा शाळा सुरू व्हायच्या आधी, सुट्टीतल्या एका सकाळी, तुम्ही स्वतः तिच्याबरोबर बसा आणि हे करून घ्या. परीक्षा घेतोय असं वाटू देऊ नका. कोऱ्या कागदावर एवढंच लिहायला सांगा: उणे ३ वजा ५ किती. तीन-चतुर्थांश अधिक पाच-षष्ठांश किती. २४० चे १५ टक्के किती. ३क्ष − ७ = ११ तर क्ष किती. (अ + ब) चा वर्ग उलगडून लिहायचा. आणि शेवटी एक विशालकोन त्रिकोण काढून त्याच्या लघुकोनाच्या शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर शिरोलंब टाकायचा.

उत्तरं तुम्हाला येत असतील, तरी देते: उणे ८, १९/१२, ३६, ६, अ² + २अब + ब². शिरोलंब त्रिकोणाच्या बाहेर पडतो, त्यासाठी समोरची बाजू वाढवावी लागते. पण उत्तर बरोबर आलं की चूक, यापेक्षा चूक कशी झाली हे पाहा. उणे ३ वजा ५ ला जी मुलगी ८ लिहिते, तिनं ‘वजा वजा अधिक’ हे गुणाकाराचं सूत्र बेरजेला लावलंय. तीन-चतुर्थांश आणि पाच-षष्ठांशाची बेरीज ८/१० करणारीनं अंशात अंश आणि छेदात छेद मिळवलाय, म्हणजे अपूर्णांक ही एक संख्या आहे हेच तिच्या मनात बसलेलं नाही. (अ + ब)² ला अ² + ब² लिहिणारी मुलं तर मला दहावीच्या फेब्रुवारीतही भेटतात. त्यांना सूत्र पाठ असतं, नुसतं ‘विस्तार सूत्र म्हण’ म्हटलं की धडधड म्हणतात, पण उदाहरणात ते वापरायची वेळ आली की हात आपोआप चुकीकडे जातो. अशा मुलीला मी अ च्या जागी ३ आणि ब च्या जागी ४ ठेवायला सांगते. सातचा वर्ग ४९, आणि तीनचा वर्ग अधिक चारचा वर्ग २५. मधले २४ कुठे गेले, हे तिनं स्वतः शोधलं की सूत्र पुन्हा सांगावं लागत नाही. आणि शिरोलंब जर तिनं त्रिकोणाच्या आतच कसातरी कोंबला, तर तिनं आजवर भूमितीतल्या आकृत्या पुस्तकातून उतरवल्या आहेत, काढलेल्या नाहीत.

जे अडेल त्याचा धडा मागच्या इयत्तेच्या पुस्तकात शोधा. पुस्तकं घरात नसली तरी बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ मोफत मिळतात. सुट्टीत नववीचं गणित ‘पुढे’ शिकवून ठेवण्यापेक्षा हे मागचं भरून काढणं मला दहापट मोलाचं वाटतं. पुढचं शिकवून आलेली मुलं जुलैपर्यंत वर्गात कंटाळलेली असतात आणि ऑगस्टमध्ये त्याच जागी अडकतात. मागचं पक्कं करून आलेलं मूल सुरुवातीला हळू जातं, पण दिवाळीनंतर त्याची काळजी करावी लागत नाही.

आता सेमीचं. हे खरोखर परिस्थितीवर अवलंबून आहे, त्यामुळे ‘घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ असं एका शब्दात सांगणार नाही. सेमीत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीतून असतात. बालभारतीच्या मराठी आणि इंग्रजी पुस्तकांत धडे, उदाहरणं, आकृत्या, अगदी सरावसंचांचे क्रमांकही जुळतात, ही आपल्यासाठी मोठी सोय आहे. तिला आठवीचा एखादा पक्का येत असलेला धडा इंग्रजी पुस्तकातून वाचायला द्या, मराठी पुस्तक बाजूला उघडं ठेवा. उदाहरण चिन्हांवरून कळतंय आणि फक्त शब्दांना अडखळतेय, तर सेमी जमेल. शब्द महिन्या-दोन महिन्यांत बसतात. पण एक वाक्य वाचायलाच तिला तीन वेळा थांबावं लागत असेल आणि वाचून झाल्यावर काय वाचलं ते मराठीतही सांगता येत नसेल, तर नववीत सेमी घेऊ नका. शाळा नवी, शिक्षक नवे, प्रवास नवा, त्यात दोन महत्त्वाचे विषय परक्या भाषेत, हे एकाच वर्षी नको.

‘अकरावीला सायन्स घ्यायचंय, तिथं सगळं इंग्रजीतून असतं’ ही तुमची भीती रास्त आहे. मराठीतून दहावी करून अकरावी विज्ञानाला गेलेली आमची मुलं पहिले तीन-चार महिने शब्दांशी झगडतात, हे खरं. पण ज्यांना मराठीतून ‘एकरूपता’ आणि ‘समरूपता’ यांतला फरक नीट कळलाय ती सावरतात. ज्यांनी इंग्रजीतून न कळता पाठ केलंय त्यांना अकरावीत सावरायला आधारच नसतो. मराठी माध्यम ठेवलंत तर एक करा: प्रत्येक धडा संपला की त्याच धड्याचे इंग्रजी शब्द वहीच्या मागच्या पानावर देवनागरीत आणि इंग्रजी स्पेलिंगसह लिहायला सांगा. दोन वर्षांत तिच्याकडे स्वतःचा शब्दकोश तयार होईल. आणि सेमी घेतलंत तर प्रवेशाच्या वेळीच मुख्याध्यापकांना विचारून ठेवा, की पहिल्या घटक चाचणीनंतर तुकडी बदलून मिळते का.

जाता जाता दुसऱ्या भाषेबद्दल. हायस्कूलमध्ये गेल्यावर तिला विचारतील: संपूर्ण हिंदी, की संयुक्त म्हणजे ५० गुण हिंदी आणि ५० संस्कृत, की संपूर्ण संस्कृत? ‘संस्कृतला पैकीच्या पैकी पडतात’ हे सगळेच सांगतात. पण बहुतेक शाळांत संस्कृत आठवीपासून सुरू झालेलं असतं आणि तुमच्या बहिणीच्या शाळेत ते नसण्याचीच शक्यता जास्त. एक वर्ष मागून सुरुवात करायची असेल तर शिकवणाऱ्या बाई जादा वेळ देणार आहेत का हे आधी विचारा. नाहीतर हिंदी बरी.

क्लासबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या सत्रात लावू नका. कारण साधं आहे. चौदा किलोमीटर जाणं-येणं, शाळा, आणि त्यावर क्लास, म्हणजे ती संध्याकाळी सातला घरी येणार. दिवसभर तिनं फक्त ऐकलेलं असेल. स्वतः एकटीनं, कुणी न सांगता, एक उदाहरण सोडवायला तिला वेळच मिळणार नाही, आणि नववीत नेमकं तेच शिकायचं असतं. वर्गात फळ्यावर पाहताना सगळं कळतं. घरी तेच उदाहरण वेगळ्या आकड्यांनी समोर आलं की पेन थांबतो. या दोन्हींमधलं अंतर एकटीनं बसूनच कमी होतं.

दिवाळीनंतर मात्र पाहा. प्रथम सत्राचा निकाल हातात आल्यावर एखाद्या विषयात ती खरंच अडत असेल, शाळेत विचारूनही सुटत नसेल, तर त्या एका विषयापुरता क्लास लावा. क्लास निवडताना बॅच किती मुलांची आहे, त्यांचे शिक्षक मुलांच्या वह्या तपासतात का, आणि चुकलेलं उदाहरण पुन्हा करून घेतात का, एवढंच विचारा. मागच्या वर्षीच्या ९५ टक्केवाल्यांचे फ्लेक्स पाहू नका, ती मुलं कुठंही गेली असती तरी तेवढेच गुण मिळवती. नववीपासूनच ‘नीट’ किंवा ‘जेईई’ या मेडिकल-इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षांचं ‘फाउंडेशन’ सुरू करा असं कुणी सांगेल. तिच्या उणे ३ वजा ५ ची खात्री झाल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. आणि गाईड घरात असलं तरी चालेल, पण गृहपाठ त्यातून उतरवायचा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. स्वतः सोडवून झाल्यावर पडताळायला गाईड उघडायचं.

किती तास? आठवड्यातून पाच दिवस दीड ते दोन तास, रविवारी थोडं जास्त. नववीच्या मुलीला एवढं भरपूर झालं. पण त्या दोन तासांत काय होतं याला महत्त्व आहे. भूमितीचं एक उदाहरण देते, कारण तिथं फरक लगेच दिसतो. बहुतेक मुलं प्रमेय ‘वाचतात’. पक्ष, साध्य, सिद्धता, सगळं वरून खाली वाचून काढतात, आणि पाठ झालं असं समजतात. मी त्यांना सांगते, प्रमेय एकदा समजून घेतलं की पुस्तक मिटा. आकृती स्वतः काढा, आणि अ ब क च्या जागी प फ म घ्या. त्रिकोणही जरा वेगळ्या तिरक्या जागी काढा. मग आकृतीवरून पक्ष आणि साध्य लिहा. मग सिद्धतेची प्रत्येक पायरी लिहिताना शेजारी कंसात कारण लिहा: ‘व्युत्क्रम कोन’, ‘सामाईक बाजू’, ‘बाकोबा कसोटी’. जिथं कारण सुचत नाही तिथं पेन थांबवा आणि फक्त तेवढ्यासाठी पुस्तक उघडा. एका प्रमेयाला अशा रीतीनं अर्धा तास जातो. पण ते प्रमेय पुन्हा ‘पाठ’ करावं लागत नाही, आणि परीक्षेत अक्षरं बदलून आलं तरी मुलगी गांगरत नाही. कारणं न लिहिल्यानं जाणारे गुण हे आमच्याकडे भूमितीत सगळ्यात जास्त वाया जाणारे गुण आहेत.

विज्ञानात तीच सवय गणिती उदाहरणांना लावायची. ‘गतीचे नियम’ हा नववीतला पहिलाच धडा आहे आणि तिथं पोरं सूत्रापेक्षा एककांना फसतात. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर, हे रूपांतर तिनं एकदा ७२ गुणिले १००० भागिले ३६०० असं पूर्ण मांडून करावं, मग १८ नं भागून ५ नं गुणायची युक्ती वापरायला हरकत नाही. इतिहास, राज्यशास्त्र आणि भूगोल यांची काळजी करू नका. धडा वाचून पुस्तक मिटून आईला पाच वाक्यांत सांगितला, की झालं. आई ऐकणारी असली म्हणजे पुरे, तिला तपासता यायची गरज नाही. इंग्रजी कुमारभारतीचं एक पान मात्र रोज मोठ्यानं वाचायला लावा. गावाकडच्या मुलींना इंग्रजी लिहिता येतं, पण वर्गात उठून वाचायची वेळ आली की आवाजच फुटत नाही. घरात मोठ्यानं वाचल्यानं तो फुटतो.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मला सगळ्यात जास्त लिहावंसं वाटतं, ते लिहिते. नववीत गेलेल्या मुलींचा अभ्यास मागे पडतो याचं कारण अनेकदा बुद्धी नसते, घरकाम असतं. संध्याकाळी पाच-साडेपाचला घरी आली की भांडी, पाणी भरणं, भाकरीचं पीठ मळणं, धाकट्यांना बघणं. साडेआठला जेवण उरकलं की ती झोपेनं पेंगुळलेली असते. तिचा भाऊ तोवर मित्रांबरोबर पारावर बसून आलेला असतो. तुमच्या घरात असं असेलच असं मी म्हणत नाही. पण तुम्ही तिच्यासाठी इतकं विचारताय, तर आईशी बोलून संध्याकाळची एक-दोन कामं स्वतःच्या अंगावर घ्या. संध्याकाळी सहा ते साडेसात ही वेळ तिची, त्या वेळात तिला कुणी हाक मारायची नाही, एवढं ठरवलंत तर कुठल्याही क्लासपेक्षा जास्त काम होईल.

दुसरं म्हणजे पाणी. मोठ्या शाळेत गेलेल्या कित्येक मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, कारण स्वच्छतागृहात जायला नको वाटतं. दुपारी त्यांचं डोकं दुखतं, शेवटच्या दोन तासांना लक्ष लागत नाही, आणि घरी सांगतात ‘शाळेत कंटाळा येतो’. आईला तिच्याशी याविषयी मोकळेपणानं बोलायला सांगा. पाळीच्या दिवसांत शाळा बुडवायची नाही, दप्तरात पॅड आणि एक जादा सलवार ठेवायची, आणि काही अडचण आली तर कुठल्या बाईंकडे जायचं हे पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवायचं. आमच्याकडे अशी एक बाई ठरलेली असते आणि बहुतेक शाळांत असतेच, पण नव्या मुलीला ते कुणी सांगत नाही. महिन्यातले तीन दिवस बुडाले की वर्षात महिनाभराचा अभ्यास बुडतो, आणि तो नेमका गणिताचा असतो.

प्रवासाचं बघा. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत मिळतो. शाळेतूनच अर्ज भरला जातो, पहिल्याच आठवड्यात कार्यालयात विचारा. बसमध्ये वाचायला लावू नका, चक्कर येते. तो वेळ मैत्रिणींबरोबर गप्पांचा असू द्या. नव्या शाळेत ज्या मुलीला बसमध्ये दोन मैत्रिणी मिळतात ती टिकते, हे मी खात्रीनं सांगते.

प्रश्न विचारणं तिला शिकवा. साठ मुलांत ‘बाई, मला कळलं नाही’ एवढं म्हटलं तर बाई पूर्ण उदाहरण पुन्हा सांगतात आणि ते पुन्हा कळत नाही, मग मुलगी गप्प बसते. त्याऐवजी वही घेऊन मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दारात जायचं आणि बोट ठेवून सांगायचं, ‘बाई, इथपर्यंत आलं, ही पायरी कशी आली ते कळत नाही.’ असं विचारणाऱ्या मुलाला कुठलाही शिक्षक परत पाठवत नाही. उलट आम्हाला बरं वाटतं. पहिल्या महिन्यात एकदा जरी ती असं विचारून आली, तरी पुढे तिला सांगावं लागणार नाही.

मोबाईलबद्दल थोडक्यात. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा ॲपवरचे व्हिडिओ पाहायला काही हरकत नाही. पण आधी स्वतः प्रयत्न, अडल्यावर व्हिडिओ, आणि फोन घरातल्या मोठ्यांसमोर. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचा नाही, तुमचा किंवा वडिलांचा नंबर द्या.

चित्रकला बरी असेल तर शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांचे फॉर्म भरले जातात, ते भरा. इंटरमिजिएट उत्तीर्ण झालं तर दहावीला सवलतीचे गुण मिळतात. खेळाचंही तसंच आहे. पण गुणांसाठी म्हणून नको, आवड असेल तरच.

कागदपत्रांकडे कुणाचं लक्ष नसतं आणि पुढे त्याचाच सगळ्यात मोठा मनस्ताप होतो. हायस्कूलमध्ये दाखला जमा केल्यावर जनरल रजिस्टरमध्ये तिचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आईचं नाव, जन्मतारीख आणि जात कशी नोंदली आहे ते स्वतः डोळ्यांनी पाहा. आधार कार्डावरचं इंग्रजी स्पेलिंग त्याच्याशी जुळतंय का तेही पाहा. दहावीच्या प्रमाणपत्रावर शाळेच्या नोंदीतलंच नाव येतं. शाळेत असताना दुरुस्ती होते, शाळा सोडल्यावर तीच दुरुस्ती करायला कितीतरी खेटे घालावे लागतात. जातीची नोंद चुकली असेल तर आत्ताच शाळेशी बोला, अकरावी-बारावीला जात पडताळणीच्या वेळी फार पळापळ होते.

आठवीत तिनं एनएमएमएस या शिष्यवृत्तीची परीक्षा दिली होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. दिली असेल आणि निवड झाली असेल, तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. त्यासाठी मुलगी शासकीय, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकत असली पाहिजे, म्हणून हायस्कूल निवडताना ते अनुदानित आहे का हे पाहूनच ठरवा. दरवर्षी नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर नूतनीकरण करावं लागतं आणि ते नव्या शाळेतून होतं. शाळा बदलणाऱ्या मुलांचं नूतनीकरण राहून जातं, कारण जुनी शाळा समजते नवी करेल आणि नवीला माहीतच नसतं. प्रवेशाच्या दिवशीच कार्यालयात सांगा.

आणि शेवटी पहिली घटक चाचणी. ती होईल तेव्हा तिला २० पैकी ९ किंवा १० मिळाले तर घरात कुणीही ‘गावात पहिली होतीस ना?’ असं म्हणायचं नाही, हे आईवडिलांना आधीच सांगून ठेवा. या एका वाक्यानं मुली उत्तरपत्रिका लपवायला लागतात आणि मग आम्हालाही काही करता येत नाही. तुम्ही तिच्याबरोबर बसा आणि पेन्सिलीनं प्रत्येक गेलेल्या गुणाशेजारी एक अक्षर लिहा. येत होतं पण घाईत चुकलं, तिथं ‘घ’. वेळ पुरला नाही, तिथं ‘व’. मुळात येतच नव्हतं, तिथं ‘म’. ‘घ’ जास्त असतील तर कच्चं काम उत्तरपत्रिकेच्या उजवीकडे समास आखून करायला सांगा. ‘व’ जास्त असतील तर घरी घड्याळ लावून पाच उदाहरणं सोडवायचा सराव हवा. आणि ‘म’ जास्त असतील तर तो धडा कुठल्या इयत्तेच्या कुठल्या धड्यावर उभा आहे ते शोधा, नाही सापडला तर तिच्या गणिताच्या शिक्षकांना जाऊन भेटा. पालक सभेची वाट पाहू नका. ती उत्तरपत्रिका सोबत न्या, त्यावरची अक्षरं पाहून शिक्षकांना पाच मिनिटांत कळेल कुठून सुरुवात करायची.